भडका उडाल्यावर आधी काय, मग काय: बॉर्डरलाइनसोबत जगताना पाळायचा क्रम

समोरच्याने मेसेज वाचला, पण उत्तर दिलं नाही. दहा मिनिटांत छाती आवळून येते, हात थरथरायला लागतात आणि 'मला टाकून दिलं' हे वाक्य डोक्यात पक्कं बसतं. अर्ध्या तासात सतरा मेसेज जातात. शेवटच्या चारांत असं काही लिहिलेलं असतं, जे पुसलं तरी समोरचा विसरणार नाही. संध्याकाळी उत्तर येतं, 'मीटिंगमध्ये होतो.'

ही माझीच दुपार आहे, काही वर्षांपूर्वीची. मी बॉर्डरलाइन पर्सनॅलिटी डिसऑर्डरच्या (भावना फार तीव्र होणं आणि नाती अस्थिर राहणं असा मानसिक विकार) निदानासोबत जगते, आणि हेच निदान असलेल्या अनेकांशी माझं बोलणं होत असतं. एक गोष्ट पुन्हापुन्हा दिसते: उपाय जवळपास सगळ्यांना माहीत असतात. दीर्घ श्वास, डायरी, विचार तपासणं, मोकळेपणाने बोलणं, सगळं कुठेतरी वाचलेलं असतं. गडबड होते ती क्रमात. भावना टोकाला असताना लोक विचार तपासायला बसतात. जे काम शांत दिवशी करायचं, ते ऐन भडक्यात सुरू करतात. मग 'माझ्यावर काहीच चालत नाही' असं ठरवून सगळंच सोडून देतात. म्हणून इथे क्रमावरच भर दिला आहे.

भडका म्हणजे नुसता राग नव्हे. लाज, सोडून जाण्याची भीती, मत्सर, आतला रितेपणा, कशाचाही भडका उडू शकतो.

थांबा, आधी हे वाचा: जीव द्यावासा वाटत असेल किंवा स्वतःला इजा करण्याच्या तयारीपर्यंत गोष्ट आली असेल, तर खालचे टप्पे आत्ता तुमच्यासाठी नाहीत. एकटे राहू नका. जवळच्या माणसाला 'मी सुरक्षित नाही' एवढंच सांगा आणि आपत्कालीन सेवेला फोन करा किंवा थेट रुग्णालयात जा.

## सुरुवातीला: निदानाची खात्री

लेख वाचून स्वतःला लेबल लावू नका. हे निदान मानसोपचारतज्ज्ञ किंवा प्रशिक्षित मानसशास्त्रज्ञ करतात. प्रचलित अमेरिकी निकषांत नऊ लक्षणं आहेत आणि निदानासाठी त्यांतली किमान पाच दीर्घकाळ दिसावी लागतात. बायपोलरशी गल्लत फार होते. तुमची एक साधी नोंद तिथे डॉक्टरांच्या उपयोगी पडते: प्रत्येक चढउतार किती वेळ टिकला? बॉर्डरलाइनमधले मूडचे झोके सहसा काही तासांचे असतात, काही दिवसांपलीकडे क्वचितच जातात, आणि बहुतेकदा त्यामागे घडलेली एखादी गोष्ट सापडते. बायपोलरमधला उन्मादाचा किंवा नैराश्याचा काळ अनेक दिवस, कधी कित्येक आठवडे चालतो. काहींना दोन्ही असतात. पाळी येत असेल तर तिच्या तारखाही त्याच नोंदीत घाला.

## टप्पा १: शांत दिवशी करायची तयारी

सगळ्यात जास्त वेळ इथे द्या. भडक्याच्या वेळी डोकं नवीन काही शिकत नाही, अंगवळणी पडलेलंच तेवढं बाहेर येतं.

अ) स्वतःची मोजपट्टी. भावना किती तीव्र आहे ते मोजायला शून्य ते दहा असे आकडे लिहा आणि प्रत्येकापुढे *शरीरात* काय होतं ते लिहा. 'चार: खूप वाईट वाटतं' असं लिहून उपयोग नाही. माझ्या पट्टीवर तीनला जबडा आवळतो, पाचला मी फोन सारखा उचलून बघते, सातला आवाज चढतो आणि कानात गरम वाटतं, नवाला समोरचा काय बोलतोय ते ऐकूच येत नाही. तुमच्या खुणा वेगळ्या असतील. सापडत नसतील तर जवळच्या माणसाला विचारा. आपल्याआधी त्यालाच कळलेलं असतं.

आ) कार्ड. मुठीत मावेल एवढा कागद किंवा फोनच्या लॉक स्क्रीनवरचं चित्र. त्यावर चारच ओळी: आकडा किती? शरीर. थांब. कुणाला फोन? कार्डावर परिच्छेद लिहिले की ते वाचलं जात नाही.

इ) एका माणसाशी ठरवून ठेवणं. जोडीदार, भावंड, मित्र, कुणीही चालेल. एक शब्द ठरवा. तो उच्चारला की संभाषण तिथेच थांबेल आणि ठरलेल्या वेळी, समजा चाळीस मिनिटांनी, पुन्हा सुरू होईल. परतण्याची वेळ ठरलेली असणं अत्यंत महत्त्वाचं आहे. ज्याला सोडून जाण्याची भीती आहे, त्याच्यासमोरून कुणी 'नंतर बोलू' म्हणत उठून गेलं, तर तीच नवी ठिणगी ठरते.

ई) घर सुरक्षित करणं. ज्या वस्तूंनी तुम्ही पूर्वी स्वतःला इजा केली आहे किंवा करण्याचा विचार केला आहे, त्या घराबाहेर किंवा दुसऱ्याच्या ताब्यात ठेवा. साठलेल्या गोळ्याही. हे काम एकट्याने करू नका. सोबत कुणीतरी असू द्या.

उ) रोजचा सराव. पुढच्या टप्प्यांतला श्वास दिवसातून दोनदा, पाच मिनिटं, आकडा दोन-तीनवर असताना करा. पोहायला कुणी पुरात शिकत नाही.

तपासणी: कार्ड न बघता पहिली कृती सांगता येते का? ठरलेल्या माणसाला तो शब्द माहीत आहे का? दोन्हींना 'हो' येईपर्यंत याच टप्प्यावर थांबा.

## टप्पा २: आकडा म्हणणं

ठिणगी पडली की पहिलं काम म्हणजे आकडा म्हणणं, शक्यतो मोठ्याने: 'मी सहावर आहे.' कारण शोधायचं नाही, कुणाला दोष द्यायचा नाही. यामुळे भावना लगेच उतरत नाही, पण भावनेच्या आत असलेला माणूस थोडा बाहेर येऊन तिच्याकडे बघू लागतो.

यात एकच चूक होते, पण ती मोठी आहे: भावना सातच्या वर गेल्यावरच तिची दखल घेणं. चारवर पकडलेली भावना पाच मिनिटांत खाली येते, नवावर पकडलेलीला संध्याकाळ लागते.

बॉर्डरलाइनमध्ये भावना लवकर पेटते, उंच जाते आणि हळू उतरते. या तिसऱ्या गोष्टीकडे कुणाचं लक्ष जात नाही. सकाळच्या वादानंतर तुम्ही दुपारी चारवर असता आणि ते तुम्हालाच ठाऊक नसतं. मग एखादं किरकोळ वाक्य येतं आणि चारावर चढून आठ होतं. बघणारे म्हणतात, 'एवढ्याशा गोष्टीवरून?' त्या एवढ्याशा गोष्टीच्या खाली सकाळ शिल्लक होती. म्हणून मोठ्या भडक्यानंतरचे काही तास निखाऱ्यावर राख बसल्यासारखे धरा आणि त्या वेळेत नवे विषय काढू नका.

## टप्पा ३: आधी शरीर

आकडा सहा किंवा त्याहून वर असेल, तर विचारांना हात लावू नका. समजूत घालणं, लिहून काढणं, बोलून मोकळं होणं यांतलं काहीही नाही. आधी शरीर खाली आणायचं. हे उपाय डायलेक्टिकल बिहेवियर थेरपीतून, म्हणजे डीबीटीतून आले आहेत. ही पद्धत अमेरिकी मानसशास्त्रज्ञ मार्शा लिनेहान यांनी विकसित केली आणि तिची पहिली नियंत्रित चाचणी १९९१ मध्ये प्रसिद्ध झाली.

१. थंड पाणी. भांड्यात थंड पाणी घ्या, पण १० अंश सेल्सिअसपेक्षा गार नको. पुढे वाकून, श्वास रोखून डोळे, गालांची वरची बाजू आणि कपाळ पाण्यात बुडेल असा चेहरा १५ ते ३० सेकंद ठेवा. अस्वस्थ वाटलं तर लगेच बाहेर काढा. भांडं नसेल तर ओला गार कपडा डोळ्यांवर आणि गालांवर दाबून धरा, तेव्हाही पुढे वाका आणि श्वास रोखा. असं केल्यावर शरीर पाण्यात बुडी मारल्यासारखा प्रतिसाद देतं आणि हृदयाचे ठोके मंदावतात. नुसते हबके मारून तोंड धुतलं तर हे होत नाही. 'मी केलं, काही फरक पडला नाही' म्हणणाऱ्यांपैकी बऱ्याच जणांनी नुसतं तोंड धुतलेलं असतं.

इशारा: हृदयविकार, मुळातच मंद असलेले ठोके, बीटा ब्लॉकर प्रकारची (ठोके मंदावणारी) औषधं किंवा खाण्याशी निगडित विकार असेल, तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय हा उपाय आणि पुढची जोरदार हालचाल करू नका. थेट तिसऱ्याकडे, श्वासाकडे जा.

२. जोरदार हालचाल. दहा ते वीस मिनिटं, दम लागेल अशी: जिने, भरभर चालणं, जागेवर धावणं. उशीवर ठोसे मारू नका. त्याने राग निघून जातो असं सर्रास सांगितलं जातं, प्रत्यक्षात त्यात रागाचा सराव होतो.

३. श्वास. चार मोजत आत, सहा मोजत बाहेर. मिनिटाला साधारण सहा श्वास होतात. बाहेर सोडणं आत घेण्यापेक्षा लांब असायला हवं. 'मोठा श्वास घे' असं ऐकून लोक भसाभस मोठे श्वास घेतात आणि चक्कर येऊन आणखी घाबरतात. श्वास मोठा नको, संथ हवा.

४. स्नायू. श्वास घेताना खांदे, मुठी, पोट आवळा. सोडताना सगळं सैल करा. चार-पाच वेळा.

पाण्याचा परिणाम फार वेळ टिकत नाही, म्हणून त्याच्यामागोमाग हालचाल किंवा श्वास जोडायचाच. पाण्यानंतर जरा बरं वाटलं म्हणून फोन हातात घेतला, की अर्ध्या तासात पुन्हा आठ.

तपासणी: आकडा पाचच्या खाली आला का? नसेल तर हाच टप्पा पुन्हा. दोनदा करूनही आकडा आठ-नऊवरच अडला असेल, तर ठरलेल्या माणसाला फोन करा.

## टप्पा ४: हात रोखणं

शरीर उतरत असताना आवेग मात्र जिवंत असतो: आत्ताच मेसेज कर, आत्ताच ब्लॉक कर, राजीनामा लिही, निघून जा. या टप्प्यात एकच काम आहे, काही न करणं. आवेग लाटेसारखा वर येतो आणि खाली जातो. फक्त, तो वर असताना कायम वरच राहील अशी खात्री वाटते.

- मेसेज लिहायचाच असेल तर ज्या ॲपमधून पाठवता येत नाही तिथे लिहा. चॅटच्या चौकटीत लिहिलेला मसुदा ही जवळपास पाठवलेली गोष्ट असते.
- नातं तोडणं, नोकरी सोडणं, मोठी खरेदी, कुणाला सगळीकडून काढून टाकणं: २४ तास आणि एक झोप मध्ये गेल्याशिवाय नाही.
- दारू किंवा इतर नशा नको. आधीच सैल झालेला लगाम त्याने हातातून सुटतो.
- कुणी समोर असेल तर ठरलेला शब्द. ठरलेला नसेल तर एवढं: 'मी आत्ता खूप तापलेय, काहीतरी चुकीचं बोलेन. चाळीस मिनिटांनी परत येते.' आणि चाळीस मिनिटांनी खरंच परत यायचं, पाचच्या खाली नसलात तरी. तेव्हा फक्त 'अजून थोडा वेळ लागेल' म्हणायला.

दहा मिनिटं थांबा. मग पुन्हा दहा मिनिटं. 'आता आयुष्यात कधीच असं करायचं नाही' ही शपथ या वेळेला फार जड असते.

## टप्पा ५: काय घडलं, आणि मी काय धरलं

आकडा चार किंवा खाली असेल तरच पुढे जा. कागदावर दोन रकाने करा. डावीकडे कॅमेऱ्यात दिसलं असतं तेवढंच. उजवीकडे तुम्ही त्याचा लावलेला अर्थ.

डावीकडे: 'दुपारी दोनला मेसेज वाचला गेला. साडेचारपर्यंत उत्तर नाही.'
उजवीकडे: 'त्याला माझा कंटाळा आलाय. तो जाणार. सगळेच जातात.'

'त्याने मला दुर्लक्षित केलं' हे वाक्य डावीकडे लिहावंसं वाटेल. ते उजवीकडचं आहे, कारण कॅमेऱ्यात दुर्लक्ष दिसत नाही, न आलेलं उत्तर दिसतं. पहिले काही आठवडे अर्धी वाक्यं चुकीच्या रकान्यात जातात. जाऊ द्या, फक्त नंतर हलवा.

मग दोन प्रश्न. डावीकडच्या गोष्टीचे आणखी कोणते तीन अर्थ निघू शकतात? आणि माझा अर्थ खरा निघाला, तर मी काय करेन? दुसरा प्रश्न गाळू नका. कधीकधी भीती खरीच असते. समोरचा खरंच दुरावत असतो. तेव्हा 'सगळं तुझ्या डोक्यात आहे' असं स्वतःला सांगणं क्रूरपणा ठरतो. रकाने भरण्याचा हेतू भावनेला खोटं पाडणं हा नाही. भावना वाटली, ती खरीच. तपासायची आहे ती तिच्यामागची गोष्ट.

इथून दोन वाटा फुटतात.

भावना घटनेला धरून असेल, तर प्रश्न सोडवायचा. टप्पा ६ कडे जा.

नसेल, किंवा असली तरी तिच्या सांगण्यानुसार वागून नुकसानच होणार असेल, तर आवेगाच्या उलट कृती करायची. सोडून जाण्याच्या भीतीने पाठलाग करावासा वाटतो: फोन ठेवून दिवसाचं ठरलेलं काम करा. काही चूक नसताना लाज वाटून लपावंसं वाटतं: मान वर करून माणसांत जा. राग आला: नजर आणि आवाज मऊ करा, हळूच बाजूला व्हा. अर्धवट केलं तर मात्र चालत नाही. तोंडाने गोड आणि मुठी आवळलेल्या, याला उलट कृती म्हणत नाहीत.

## टप्पा ६: मागणं मांडणं

इथे क्रम छोटा आहे: घडलेली गोष्ट, माझी भावना, नेमकी मागणी. 'काल दुपारी उत्तर आलं नाही तेव्हा मला भीती वाटली. कामात असलास तर नुसतं "नंतर बोलतो" एवढं पाठवशील का?' एका वेळी एकच मागणी. 'तू नेहमीच', 'तुला कधीच' हे शब्द आले की समोरचा मागणी विसरून बचावाला उभा राहतो. उत्तर 'नाही' येऊ शकतं, हे बोलण्याआधीच स्वतःला सांगून ठेवा. आणि 'नाही केलंस तर मी स्वतःचं काहीतरी करेन' हे कधीही मागणीला जोडू नका. तसं खरंच वाटत असेल तर ती मागणी नाही, आणीबाणी आहे. लेखाच्या सुरुवातीचा इशारा तेव्हासाठी आहे.

## टप्पा ७: दुखावलं असेल तर दुरुस्ती

टप्पा ३ आणि ४ निसटले, सतरा मेसेज गेले. होतं असं. यानंतर दोन टोकं दिसतात. एक म्हणजे लाजेने गायब होणं. दुसरं म्हणजे इतक्या वेळा माफी मागणं की दुखावलेल्या माणसालाच तुमची समजूत काढत बसावं लागतं.

माफी एकदाच, नेमकी: 'मी तुला खोटारडा म्हणाले. ते चुकीचं होतं.' त्यापुढे 'पण' नको, आजाराचा दाखलाही नको. आजार तुम्हाला भावना देतो, पण समोरच्याला लागलेला शब्द तुमच्या तोंडून गेलेला असतो. मग भरपाई, शक्य तितकी त्याच स्वरूपाची: चारचौघांत बोललात तर दुरुस्तीही चारचौघांत. समोरच्याला वेळ लागला तर लागू द्या. त्याच्या गप्प राहण्याने तुमचा आकडा वर जाईल, तेव्हा टप्पा २.

## टप्पा ८: दुसऱ्या दिवशीची साखळी

२४ तासांच्या आत लिहा. त्यानंतर आठवण स्वतःला सावरून घेते. पाच कड्या:

१. आधीची कमजोरी: झोप, उपाशीपोट, आजारपण, नशा, चुकलेला औषधाचा डोस.
२. ठिणगी: नेमका क्षण. 'आमचं कायमच बिनसतं' ही ठिणगी नव्हे. 'चार वाजून दहा मिनिटांनी त्याने फोन कापला' ही ठिणगी.
३. मधल्या कड्या: विचार, शरीर, कृती, जितक्या बारीक जमतील तितक्या.
४. शेवटची कृती.
५. परिणाम, चांगलेही. हो, चांगलेही. ओरडल्यावर समोरचा धावत आला असेल, तर ते लिहा. तीच कडी ही सवय जिवंत ठेवते.

मग एकच कडी निवडा, जिथे पुढच्या वेळी वेगळं वागता येईल, आणि तेवढाच बदल कार्डावर करा. लिहिताना स्वतःला शिव्या घातल्या जात असतील तर थांबा, आकडा बघा. ही नोंद आहे, इथे आरोपी कुणी नाही.

माझ्या साखळ्यांत पहिल्या कडीत सर्वाधिक वेळा सापडली ती झोप. त्यामुळे रात्री नीट झोप न झालेल्या दिवशी मी नात्यांबद्दलची कोणतीही चर्चा करत नाही.

## सोबत राहणाऱ्यांसाठी

'शांत हो' म्हणू नका. आधी भावना मान्य करा: 'तुला भीती वाटली, ते मला दिसतंय.' चुकीच्या तथ्याला मात्र मान डोलावू नका. ती चर्चा टप्पा ५ ची, तेव्हाच करा. तुमची मर्यादा शांत दिवशी सांगा आणि भडक्यातही तीच ठेवा. दर वेळी बदलणारी मर्यादा दोघांनाही थकवते. जीव देण्याची भाषा मात्र कधीच 'लक्ष वेधून घेणं' म्हणून झटकू नका.

## थेरपी आणि औषधं

वरचं सगळं थेरपीला पर्याय नाही. पूर्ण डीबीटीत वैयक्तिक सत्रं, आठवड्याचा कौशल्यवर्ग आणि अडचणीच्या वेळी फोनवर मार्गदर्शन असतं, आणि ती साधारण वर्षभर चालते. या विकारावरच काम करणारं असं मान्यताप्राप्त औषध नाही. सोबतचं नैराश्य, चिंता किंवा झोपेसाठी औषधं दिली जातात. ती मनाने बंद करू नका, वाढवूही नका.

अमेरिकेत २९० रुग्णांचा दहा वर्षं मागोवा घेतलेल्या एका अभ्यासात ९३ टक्के लोकांची लक्षणं किमान दोन वर्षं निदानाच्या रेषेखाली राहिली. काम आणि नाती यांचाही जम बसलेले मात्र त्यात साधारण निम्मेच होते. म्हणून भडके कमी झाले की काम, शिक्षण आणि माणसं यांकडे वळायचं लांबणीवर टाकू नका, थेरपिस्टशी तो विषय तुम्हीच काढा.

प्रगती मोजताना 'या महिन्यात किती भडके' हे मोजू नका. सुरुवातीला तो आकडा हलत नाही आणि माणूस खचतो. प्रत्येक भडक्यापुढे एवढंच लिहा: सातवरून तीनवर यायला किती वेळ लागला. माझ्या वहीच्या पहिल्या पानावर 'दोन दिवस' आहे. गेल्या आठवड्याच्या पानावर 'पन्नास मिनिटं'.